पिकअपला स्पेसर लावू का?

वाचकाचे पत्र: मी सॅन अँटोनिओजवळ राहतो. माझ्याकडे १९९४ ची शेवरलेट सी-१५०० पिकअप आहे. इंजिन ५.७ लिटर टीबीआय (थ्रॉटल बॉडीतच पेट्रोल फवारणारे), गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. साधारण ४००० पौंडांचा ट्रेलर जोडला की चढावर गाडी दम टाकते आणि ॲव्हरेज गॅलनला १४ मैलांच्या वर जात नाही. एका मित्राने त्याच्या अशाच गाडीला एक इंच जाडीचा, आतून पेच कापलेला ॲल्युमिनियमचा थ्रॉटल बॉडी स्पेसर लावला, म्हणजे हवेची झडप असलेली थ्रॉटल बॉडी आणि तिच्याखालचे, हवा सिलिंडरांना वाटणारे मॅनिफोल्ड यांच्या मधे बसणारी चकती. गाडी आता उडतेच, असे तो म्हणतो. जाहिरातीत २० हॉर्सपॉवर आणि गॅलनमागे २ मैल जास्त, असे लिहिले आहे. शिवाय मुलासोबत मी १९७९ ची सी-१० उभी करतो आहे. तिला ३५० घन इंचांचे इंजिन आणि क्वाड्राजेट कार्बोरेटर आहे. ती गरम असताना बंद केली की पंधरा-वीस मिनिटांनी सुरूच होत नाही, पेट्रोलचा वास येतो. दोन्ही गाड्यांना स्पेसर घेऊ का? आणि साताऱ्यात भावाचा डिझेल टेंपो आहे, त्यालाही एक पाठवू का?

उत्तर:

९४ च्या गाडीसाठी घेऊ नका. ७९ च्या गाडीला एका विशिष्ट प्रकारचा स्पेसर उपयोगी पडू शकेल, पण तो ताकदीसाठी नाही, कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळू नये म्हणून. टेंपोला काहीही पाठवू नका. आता कारणे सांगतो, कारण ती समजली की पुढची जाहिरात तुम्ही स्वतःच तपासून बघाल.

तुमच्या ९४ च्या इंजिनाला किती हवा लागते, त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. ५.७ लिटर म्हणजे इंजिन ३५० घन इंचांचे आहे, दोन फेऱ्यांत ते एकदा भरते आणि एका घनफुटात १७२८ घन इंच असतात. म्हणून ३५० गुणिले ४००० आरपीएम, भागिले ३४५६, म्हणजे मिनिटाला सुमारे ४०५ घनफूट. सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत. ८० टक्के धरले तर आकडा ३२५ च्या आसपास येतो. ४००० आरपीएम इथे मुद्दाम घेतले, कारण या इंजिनाची कमाल ताकद तिथेच येते आणि त्यापुढे ते धापा टाकू लागते. हवेची वाट अरुंद आहे ती स्पेसरच्या वर आणि खाली. वर थ्रॉटल बॉडीची दोन छिद्रे, प्रत्येकी १ ११/१६ इंचांची. खाली त्या काळचे स्वर्ल-पोर्ट (आत येणाऱ्या हवेला गिरकी देणारे) सिलिंडर हेड, जे कमी आरपीएमला छान ओढतात पण जास्त हवा जाऊ देत नाहीत. मधे एक इंचाची चकती घातली म्हणून यातले काहीच रुंद होत नाही.

स्पेसरमुळे ताकद वाढल्याच्या गोष्टी सगळ्या खोट्या नाहीत. त्या दुसऱ्या गाड्यांच्या आहेत. सिंगल-प्लेन (एकाच मोकळ्या पोकळीचे) मॅनिफोल्ड, मोठा कॅमशाफ्ट, मोठा चार बॅरलचा कार्बोरेटर आणि ५५०० ते ६५०० आरपीएमला धावणारे इंजिन असेल, तर कार्बोरेटरमधून सरळ खाली येणाऱ्या मिश्रणाला आडवे वळण्याआधी थोडी जास्त जागा मिळते. पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या तळावर आपटणे कमी होते आणि प्लेनमचे, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेच्या पोकळीचे, आकारमान वाढते. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलला पाच-दहा हॉर्सपॉवर दिसू शकतात. ते दिसतात वरच्या टोकाला, आणि पुष्कळदा खालच्या आरपीएमच्या टॉर्कमधून (फिरवण्याच्या जोरातून) वजा होऊन आलेले असतात. तुमची गाडी ट्रेलर ओढते १८०० ते ३००० आरपीएममध्ये. तिथे ही कमाई पोहोचतच नाही.

पेचांबद्दल दोन गोष्टी. टीबीआयमध्ये इंजेक्टर थ्रॉटलच्या पाकळ्यांच्या वर असतात, त्यामुळे पेट्रोल खरोखरच स्पेसरमधून खाली जाते. त्यामुळे ‘हवा फिरली की पेट्रोल जास्त बारीक होते’ हे ऐकायला पटते. पण कापलेल्या खाचा हवेला अडथळाही करतात, आणि थंड इंजिनावर त्यांच्यात पेट्रोलचा ओला थर साचतो. नव्या पिकअपमध्ये, म्हणजे जिथे इंजेक्टर थेट पोर्टपाशी असतात तिथे, थ्रॉटल बॉडीतून फक्त कोरडी हवा जाते. बारीक व्हायला पेट्रोल तिथे नसतेच. हवेला दिलेली गिरकी प्लेनमच्या पोकळीत विरते आणि मागे उरते ती शिट्टी. अशा गाड्यांत स्पेसर लावल्यावर ऐकू येतो तो आवाज खाचांवरून घसरणाऱ्या हवेचा असतो, त्याचा ताकदीशी संबंध नाही.

ॲव्हरेजचा दावा तर त्याहून कच्चा आहे. सपाट रस्त्यावर ६५ मैलांच्या वेगाने जाताना थ्रॉटल थोडासाच उघडा असतो. तिथे हवा आपणच मुद्दाम अडवलेली असते, म्हणून त्या झडपेच्या खाली वाट मोकळी केल्याने काही वाचत नाही. शिवाय एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सतत १४.७ ला १ च्या आसपास खेचून आणतो. स्पेसरने काही बदलले तरी कॉम्प्युटर ते पुन्हा जागेवर आणून ठेवेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर साधने तपासली आहेत. फारच थोड्यांचा काही उपयोग दिसला, आणि तोही किरकोळ.

मग मित्राची गाडी उडते कशी? तो खोटे बोलत नसणार. स्पेसर बसवताना थ्रॉटल बॉडी काढावी लागते. काढली की माणूस तिच्यातली काळी काजळी पुसतो आणि खालचे तीस वर्षांचे, कडक होऊन हवा खेचू लागलेले गास्केट बदलतो. बॅटरीची तार सोडल्यामुळे कॉम्प्युटरने साठवलेल्या जुन्या दुरुस्त्या पुसल्या जातात. आणि थ्रॉटल बॉडी एक इंच वर गेली, केबलचा ब्रॅकेट खालीच राहिला, तर केबलचा कोन बदलतो आणि तेवढाच पाय दाबला तरी झडप जास्त उघडू शकते. पायाला गाडी चपळ वाटते. यातला गास्केट आणि सफाईचा फायदा तुम्हाला थोड्या डॉलरांत मिळेल: एक नवे गास्केट, एक डबा थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि शनिवारची सकाळ. थ्रॉटल बॉडीचे बोल्ट परत बसवताना १२ फूट-पौंडांच्या पुढे जाऊ नका. त्या धातूला जास्त आवळणे सोसत नाही.

तुमच्या थ्रॉटल बॉडीपाशी अडथळा आहे की नाही हे मोजताही येते. मॅनिफोल्डच्या नळीला व्हॅक्यूम गेज जोडा, लांब नळीने केबिनमध्ये आणा आणि मोकळ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून ४००० आरपीएमपर्यंत न्या. गेज सोबतच्या माणसाने वाचावा, चालवणाऱ्याने नाही. पूर्ण थ्रॉटलला काटा पाऱ्याच्या अर्ध्या ते एक इंचापाशी असेल तर वरून पुरेशी हवा येते आहे. दीड इंचापेक्षा वर असेल तर अडथळा आहे, पण तो थ्रॉटल बॉडीत किंवा तिच्या वर, एअर फिल्टरच्या डब्यात आहे. म्हणजे तेव्हाही औषध स्पेसर नाही.

आता खरी तक्रार, चढावर दम लागण्याची. या इंजिनात पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

फिल्टरच्या डब्याच्या सोंडेत एक पाकळी असते. थंड इंजिनाला ती एक्झॉस्टभोवतीची गरम हवा देते आणि इंजिन तापले की बाहेरच्या हवेकडे वळते. ती गरम बाजूला अडकली तर टेक्सासच्या उन्हाळ्यात इंजिन भट्टीतली हवा पीत राहते. आत येणारी हवा दर १० अंश फॅरनहाइटने तापली की ताकद साधारण एक टक्का जाते, आणि वर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होऊन कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. ही पाकळी बघायला आरसा आणि टॉर्च पुरे.

दुसरे, बेस टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची मूळ वेळ. टॅन रंगाच्या, काळी रेघ असलेल्या एकेरी वायरचा जोड सोडून, गरम इंजिनावर टायमिंग लाइटने शून्य अंश लावायचे. जोड न सोडता लावलेले टायमिंग चुकीचेच लागते, आणि अशा बऱ्याच गाड्या वर्षानुवर्षे तशाच धावतात. जोड परत लावायला विसरू नका. मधे कॉम्प्युटरमध्ये ४२ नंबरचा बिघाडाचा कोड पडतो, तो बॅटरी सोडून पुसा. प्लगचे अंतर ०.०३५ इंच. तोच टायमिंग लाइट चालू इंजिनावर इंजेक्टरच्या फवाऱ्यावर धरा: फवारा थबकल्यासारखा दिसतो. दोन्हीकडे सारखा, मोकळा शंकू दिसला पाहिजे. एकीकडे थेंब किंवा धार दिसली तर तो इंजेक्टर साफ करायला काढा.

तिसरे, पेट्रोलचा दाब. तो ९ ते १३ पीएसआय असायला हवा. गेजसाठी थ्रॉटल बॉडीवर तयार जागा नाही, येणाऱ्या नळीत टी-जोड घालावा लागतो. जोड घालण्याआधी दाब सोडा आणि इंजिन थंड असू द्या. आयडलिंगला ११ आणि ओझ्याखाली ८ झाला तर फिल्टर तुंबला आहे किंवा टाकीतला पंप थकला आहे. चढावर दम टाकण्याचे हे फार नेहमीचे कारण.

चौथे, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा). ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेला तर धुराला वाट नाही. धुराला वाट नसेल तर वरून कितीही हवा द्या, ती आत जाणार कुठे?

हे सगळे ठीक निघाले तर ग्लोव्ह बॉक्समधले पांढरे लेबल वाचा. त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड असतात. जीयू४ असेल तर मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या) ३.०८ आहे, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०. ट्रेलर ओढणाऱ्याच्या दृष्टीने या गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि तो फारसे कोणी बघत नाही. ३.०८ च्या जागी ३.७३ घातला तर चाकाला त्याच इंजिनाचा २१ टक्के जास्त टॉर्क मिळतो, प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक आरपीएमला. सुमारे २९ इंची टायरवर ६५ मैलांना ओव्हरड्राइव्हमध्ये (सर्वांत वरच्या गिअरमध्ये) ३.०८ ची गाडी १७०० च्या आसपास फिरते आणि ट्रेलरसकट चढ आला की बिचारीकडे काहीच उरत नाही. ३.७३ ची २००० च्या थोडी वर असते. काम स्वस्त नाही आणि घरी करण्यासारखेही नाही. रिंग आणि पिनियन या ॲक्सलमधल्या दोन गिअरांचा मेळ शिम (पातळ चकत्या) घालून बसवावा लागतो, तो चुकला तर ॲक्सल ओरडतो आणि लवकर जातो. स्पीडच्या सिग्नलचे कॅलिब्रेशनही बदलून घ्यावे लागते. पण पैसे टाकायचेच असतील तर इथे टाका. तोपर्यंत ट्रेलर जोडल्यावर लिव्हर ओव्हरड्राइव्हमधून काढून एक जागा खाली, म्हणजे तिसऱ्यात ठेवा. ऐंशी टक्के कुरकुर तिथेच थांबेल आणि गिअरबॉक्सही कमी तापेल.

एवढे करूनही स्पेसर लावून बघायचाच असेल तर निदान नीट मोजा. एकाच रस्त्यावर, एकाच तापमानाला, ३० ते ६० मैलांचा वेळ दोन्ही दिशांनी तीन-तीनदा घ्या. स्पेसर लावा, पुन्हा मोजा. मग तो काढा आणि तिसऱ्यांदा मोजा. ही तिसरी पायरी सोडली तर सफाईचा आणि नव्या गास्केटचा फायदा स्पेसरच्या नावावर जमा होतो. ॲव्हरेजसाठी किमान तीन टाक्या, त्याच पंपावर, पहिल्या ‘टक्’ला थांबून. वारा आणि हिवाळी-उन्हाळी पेट्रोल यांनीच एखादा मैल इकडेतिकडे होतो. कधी कॅलिफोर्नियात राहायला गेलात तर तिथे अशा सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो. तो नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी अडते.

भावाच्या टेंपोचे थोडक्यात. डिझेल इंजिनात ताकद हवेच्या झडपेने नाही, इंजेक्टरने किती डिझेल सोडले त्यावर ठरते. बीएस-६ गाड्यांत हवेच्या मार्गात एक झडप दिसते खरी, पण ती एक्झॉस्टची हवा परत फिरवण्यासाठी आणि फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी असते. तिच्याखाली स्पेसर घालून फक्त गळतीची दोन नवी ठिकाणे तयार होतील.

आता ७९ ची सी-१०. इथे तुमचे वर्णन अगदी नेमके आहे. इंजिन बंद झाले की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि मॅनिफोल्डची उष्णता वर कार्बोरेटरमध्ये चढते. कार्बोरेटरच्या वाटीतले (त्यात साठलेले) पेट्रोल उकळून नोझलमधून आत सांडते आणि इंजिन भिजते. १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ होते. हिवाळी पेट्रोल तर आणखी लवकर, म्हणून फेब्रुवारी-मार्चमधल्या अचानक तापलेल्या दिवशी हा त्रास सर्वांत जास्त होतो. खात्री करून घ्या: गरम इंजिन बंद करा, फिल्टरचा डबा काढा, दहा मिनिटांनी टॉर्चने घशात बघा. थेंब पडताना दिसले तर उकळणेच आहे. तोंड आणि सिगारेट दोन्ही दूर ठेवा. तोपर्यंत सुरू करायची युक्ती अशी: पेडल पूर्ण खाली दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा. याउलट रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर वाटी रिकामी होते आहे. क्वाड्राजेटच्या तळाची बुचे गळतात, तो आजार वेगळा, स्पेसरने जात नाही.

स्पेसर घेण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी. एक्झॉस्टवरची हीट रायझर झडप हाताने फिरते का बघा. ती बंद स्थितीत गंजून बसली तर एक्झॉस्टचा धूर सतत मॅनिफोल्डच्या पोटातून, कार्बोरेटरच्या अगदी खालून फिरतो आणि वाटी तापतच राहते. इंजिन तापल्यावर ती उघडी हवी. आणि फ्लोटची (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची तपासा. ती जास्त असेल तर कमी उष्णतेतही पेट्रोल सांडते.

झडप आणि फ्लोट दोन्ही ठीक असूनही त्रास राहिला तर अर्ध्या इंचाचा फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा), स्प्रेडबोअर (पुढे लहान, मागे मोठ्या) छिद्रांचा स्पेसर घ्या. ॲल्युमिनियमचा नको, तो उष्णता अडवत नाही, वर पोहोचवतो. स्प्रेडबोअर का, तर क्वाड्राजेटच्या पुढच्या पाकळ्या १ ३/८ इंचांच्या आणि मागच्या २ १/४ इंचांच्या असतात. चार सारख्या छिद्रांच्या स्पेसरमध्ये मागच्या पाकळ्या कडेला अडकतील, आणि अडकलेला उघडा थ्रॉटल ही रस्त्यावर जीवावर बेतणारी गोष्ट आहे. एक इंच किंवा दोन इंच घेऊ नका. कंपनीचे डुअल-प्लेन (दोन वेगळ्या पोकळ्यांचे) मॅनिफोल्ड आहे, त्यावर मोठी मोकळी पोकळी केली तर खालचा टॉर्क आणि कार्बोरेटरचा सिग्नल (पेट्रोल खेचणारी हवेची ओढ) दोन्ही कमजोर होतात.

सोबत लागेल: वरखाली एकेक, अशी दोन गास्केटे, आणि ५/१६-१८ आट्यांचे, आहेत त्यापेक्षा अर्धा इंच लांब बोल्ट. बसल्यावर मॅनिफोल्डमध्ये किमान अर्धा इंच आटे गेले पाहिजेत. जुनेच बोल्ट ‘लागतात’ म्हणून वापरले तर दोन-तीन आट्यांवर लटकतात आणि एक दिवस आटे घेऊन बाहेर येतात. पेट्रोलची लोखंडी नळी अर्ध्या इंचाने अपुरी पडेल. तिला ओढून जोडू नका, पंपाकडचा जोड सैल करून नळी हळूहळू वाकवा आणि नट अशा नळ्यांच्या नटांसाठीच्याच पान्याने (लाइन रेंचने) धरा. चोकची दांडी मॅनिफोल्डमधल्या स्प्रिंगकडून येत असेल तर तीही तेवढीच लांब करावी लागते, नाहीतर चोक अर्धवट राहतो. बोनेटखाली जागा आहे का हे फिल्टरच्या डब्यावर मुलांच्या क्लेचा गोळा ठेवून, बोनेट बंद करून बघा.

बोल्ट तिरके-समोरासमोर, तीन फेऱ्यांत, १२ फूट-पौंडांपर्यंत आवळा. मग इंजिन सुरू करण्याआधी मुलाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि घशात बघा: पाकळ्या उभ्या झाल्या पाहिजेत, सोडल्यावर ‘खट्’ करून मिटल्या पाहिजेत. किकडाउनची (पाय दाबल्यावर गिअर खाली आणणारी) केबल पूर्ण दाबेला ताणली जाते आणि मधे अडत नाही हेही बघा. मूळ गिअरबॉक्सच्या जागी कोणी ७००-आर-४ गिअरबॉक्स घातला असेल तर टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नव्याने लावल्याशिवाय गाडी हलवू नका. ती चुकीची लागली तर गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब कमी पडतो आणि क्लच जळतात.

इंजिन तापल्यावर आयडलिंगला व्हॅक्यूम १७ ते २१ इंच आणि काटा स्थिर हवा. कमी असेल तर स्पेसरच्या दोन्ही सांध्यांवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, आयडलिंग बदलले की गळती तिथेच. कार्बोरेटर क्लीनर गरम एक्झॉस्टजवळ फवारू नका. त्यानंतर आयडलचे मिश्रणाचे स्क्रू पुन्हा जुळवा. शंभरेक मैल झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, चारही बोल्टांवर टॉर्क रेंच परत फिरवा. नवी गास्केटे दबतात आणि बोल्ट थोडे सैल होतात.